मामा म्हणजे कोण

मामा, मी अंगणात बाजरी निवडते आहे. सडा टाकून झालाय, पाण्याच्या दोन खेपा झाल्यात, आणि मिठाच्या पुड्याचा कागद गुडघ्यावर सपाट करून मी त्यावरची अक्षरं लावते आहे. तुम्ही ओट्यावर राखेनं दात घासताय. चूळ टाकून म्हणता, "पोरी, बाजरी निवडतीस का बातम्या?" आतून आत्या ओरडतात, "वाचून काय कलेक्टर व्हायचंय तिला?" तुम्ही म्हणता, "झाली तर बरंच की. तुला गाडीत बसवंल." मी पंधरा वर्षांची सून, पदर तोंडाशी धरून हसते. माझी शाळा दुसरीतच सुटलेली. आळेफाट्याच्या पुढच्या बाजारातून तुम्ही मिरच्यांच्या पिशवीत तळाला अंकलिपी घालून आणलीत आणि जात्याजवळ ठेवलीत. ती अजून माझ्या ट्रंकेत आहे.

तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली. तुमच्या मागोमाग तुमचा मुलगाही गेला, आणि मी पुण्यात एका लहानशा संस्थेत स्वयंपाकाला लागले. ज्या मुलांना कुणी नाही, किंवा जे आहेत त्यांच्यापासूनच जी पळालीत, त्यांच्या बाजूनं ही संस्था समितीपुढं बोलते. मूल कुठं राहणार ते समिती ठरवते. आपल्या भागातल्या मुली ऑफिसातल्या ताईंपुढं गप्प बसायच्या आणि माझ्याजवळ भाकरी खाताना बोलायच्या, म्हणून ताईंनी माझ्या हातात पेन दिलं. म्हणाल्या, "मावशी, मूल बोलेल ते लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही." अंकलिपीपासून इथवर आले याचा मला अभिमान होता. जरा जास्तच होता.

पावसाळ्याआधी एक मुलगी आली, आपल्याच डोंगराकडची, स्टेशनवर सापडलेली. तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी माझ्याशेजारी लसूण सोलता सोलता म्हणाली, "मला मामाकडं नका धाडू. मामा न् आत्या लई काम लावत्यात." मी तसंच्या तसं लिहिलं. ताईंनी कागद वाचून विचारलं, "मावशी, मामा म्हणजे आईचा भाऊच ना?" माझी आमटी उतू चालली होती. मी म्हणाले, "हो ताई, मामा म्हणजे आणखी कोण?"

तिचा मामा म्हणून तो माणूस तिला न्यायला आला तेव्हा मीच चहा दिला. पांढरी टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर, बसणं अगदी तुमच्यासारखं. म्हणाला, "तुमी कुठल्या, बाई?" मी म्हणाले, बोरीची. "मग आपल्याच की!" मला बरं वाटलं. त्यानं आधार कार्ड दाखवलं, गावचं पत्र दाखवलं, पोरीला शाळेत घालतो म्हणून समितीपुढं कबूल केलं. कामाच्या कटकटीनं पळालेली भाची, असं सगळ्यांनी धरलं, कारण कागदावर तसं होतं. निघताना ती माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, सवय झाली होती, म्हणून जड जातंय.

परवा एका दहाव्याला म्हणून आळेफाट्याला उतरले, तर ती स्टँडवर उभी. हातभर हिरवा चुडा, गळ्यात काळे मणी, डोक्यावरून पदर. मी म्हणाले, "कशी आहेस गं?" ती खाली बघून म्हणाली, "तुमाला सांगितलं व्हतं, मावशी. लग्नाचं बोललीस तर बापाला पोलीस नेत्याल, असं घरचे म्हनले व्हते. म्हनून मामा म्हनलं. तुमी तर आपल्याकडच्या." तेवढ्यात तो माणूस गाडीची चौकशी करून आला. मला बघून हात जोडले. "रामराम, बाई. चला सूनबाई, गाडी लागली." ती त्याच्यामागं चढली. वय अजून पंधरासुद्धा नाही.

मामा, बावीस वर्षं मी तुम्हाला याच नावानं हाक मारली. ताई शहरातल्या, त्यांना सासऱ्याचं हे नाव माहीत नसेल. मला होतं. आईचा भाऊ आणि बापाची बहीण एका चुलीवर कशाला जेवतील? मामा आणि आत्या एका घरात सापडतात ते सासरी. तिनं मला सगळं सांगितलं होतं, आपल्या बोलीत. मी अक्षरं बरोबर लिहिली आणि वाचलंच नाही. तुम्ही चांगले होता, म्हणून त्या शब्दाची मला भीती वाटली नाही.

पण खरंच तसं होतं का, हे परवापासून मी स्वतःला विचारते आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी अवसरीला माहेरी पळाले तेव्हा तुम्हीच न्यायला आला होतात. पडवीत बसलात, चहा घेतलात, आणि सगळ्यांदेखत विचारलंत, "येतीस ना, पोरी?" मी हो म्हणाले. सून शहाणी, एका शब्दात आली, असं तुम्ही पुढं कितीतरी वर्षं कौतुकानं सांगत होता. हा कागद अंकलिपीत घालून ठेवीन, तुमच्यापर्यंत थोडाच येणार आहे, म्हणून लिहिते. मला यायचं नव्हतं. तुम्ही दारात दिसलात तेव्हा मी चुलीमागं लपले होते.

ती स्टँडवर भेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात जाऊन तिचं बोलणं लिहिलेला तो कागद मागून घेतला. 'मामा' खोडलं नाही. पुढं 'म्हणजे सासरा' असं लिहिलं, चूक माझी आहे असं लिहिलं, खाली सही केली आणि ताईंना वाचून दाखवलं. ताईंनी समितीला फोन लावला. मग तिला आणायला निघालेल्या गाडीत मी पुढच्या सीटवर बसले, त्या गावचा रस्ता दाखवायला.