हिरव्या बटणावरचा हात

प्रिय धाकटे,

सात मिनिटांनी का होईना, धाकटी ती धाकटीच, तेव्हा आधी हुकूम ऐक: हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस, बस. मी स्वतः मात्र लिहिताना चारदा उठले आहे. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा उगीच खिडकी लावायला, मग तीच उघडायला. चौथ्यांदा कशाला उठले ते आठवत नाही.

बाबांचा बाइंडिंगचा कारखाना अखेर विकला. मशीनं गेली, खळीचा वास तेवढा भिंतींना राहिलाय. माझ्या लेकीचं बाळ दीड महिन्याचं झालं. नाक आपलं घेतलंय बिचाऱ्यानं. तू बघायला आलीस, लेकीनं बाळ पुढं केलं आणि तू नेहमीसारखे हात पाठीमागं घेतलेस. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळीही तेच. माझ्या हातांचा भरवसा नाही, म्हणतेस. लेकीला लागलं ते. मावशी तशीच आहे, एवढंच मी तिला सांगितलं.

आपला माळ्यावरचा खेळ आठवतो ना? शाळेतून आलो की कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून आपापला दिवस सांगायचा, आणि एकीला जे झालं ते दुसरीनं ‘मी’ म्हणून सांगून दाखवेपर्यंत खाली उतरायचं नाही. तुला छडी बसली की माझा तळहात झोंबायचा. गणिताच्या बाईंनी कुणाचा कान पिळला, हे आजही दोघींपैकी कुणी शपथेवर सांगू शकणार नाही.

म्हणून ते बटणही दोघींना आठवतं. बाइंडरकाका कटिंग मशीनचं पातं पुसत होते आणि आपल्यातल्या एकीनं हिरवं बटण दाबलं. त्यांची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, तेव्हा तू पुढं होऊन म्हणालीस, मी. तुला मामाकडं धाडलं ते दहा वर्षं. बटणाचा गार गुळगुळीतपणा माझ्या बोटालाही आठवत होता, पण तो तुझ्याकडून ऐकलेला, असं मी ठरवून टाकलं. तसं ठरवणं सोयीचं होतं.

परवा कारखान्याच्या किल्ल्या आणायला काकांकडं गेले. थकलेत, जीभ मात्र तशीच तिखट. बोलता बोलता सहज म्हणाले, बटण दाबणारी पोर मशीनपलीकडून हसत होती, तिचा पुढचा दात पडलेला होता. तेव्हाच का बोलला नाहीत, विचारलं, तर म्हणाले, एकीला शिक्षा झाली, पुरे झालं, आणखी एक पोर कशाला घराबाहेर काढायची. घरी येऊन बाबांची ट्रंक उपसली. मामाचं कार्ड निघालं, तू गेल्यानंतर दोन महिन्यांचं: धाकटीचा पहिला दात आज पडला. माझा तर तू घरात असतानाच पडला होता.

तेव्हापासून जिवाला थारा नाही. याच हातांनी मी दोन मुलं न्हाऊमाखू घातली, त्यांची इवलीशी नखं कापली, आणि हात एकदाही थरथरला नाही. केलं मी आणि जन्मभर हात तू आवरलेस. मला वाचवायला खोटं बोललीस का गं? की मी माळ्यावर इतकं नीट सांगितलं की तुला ते तुझंच वाटलं? पहिलं असेल तर ती तुझी माया. दुसरं असेल तर मी तुझं आयुष्य चोरलं, आणि मला भीती दुसऱ्याचीच वाटते.

काकांना सगळं सांगून आले. काल लेकीलाही सांगितलं. तिनं माझ्या मांडीवरून बाळ उचललं. मग म्हणाली, मावशीला बोलाव. म्हणून हे पत्र. रविवारी ये. ती आठवण ‘मी’ म्हणून सांगायचं काम आता माझं, तुझं संपलं. बाळ मला परत कधी मिळेल ते लेक ठरवेल. तू आलीस की खुर्चीत नीट बस आणि दोन्ही हात पुढं कर.

तुझीच,
सात मिनिटांची थोरली