बोलावलं म्हणजे घेतलं

२० सप्टेंबर २०१८, दिंद्रुड
दिल्लीहून मुलाखतीचं बोलावणं आलं! आंतरराष्ट्रीय व्यापार विभाग, सहायक प्राध्यापक, जागा एकच. इतकी वर्षं माजलगावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेय. पीएचडी साखर निर्यातीच्या अनुदानावर, आणि शिकवायला मिळतं बँकिंग! माय म्हणाली, "दिल्लीत नळाला पानी असतंय का गं?" इथं टँकरची वाट बघून तिचा जीव मेटाकुटीला आलाय.

२३ सप्टेंबर
डोकं फिरलंय. चौकात फ्लेक्स! 'डॉ. संघमित्रा शहादेव ओव्हाळ यांची दिल्ली येथे प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' माझ्यापेक्षा सुंदररावांचा फोटो मोठा. हे आमच्या सोसायटीचे चेअरमन, एका शिक्षणसंस्थेतही आहेत. तशीच गेले. म्हटलं, काका, नुसतं मुलाखतीला बोलावलंय. ते हसले. "पोरी, बोलावलं म्हंजे घेतलं. आमच्या संस्थेत आधी मानूस ठरतो, मुलाखत मागून."

जन्मभर दुसरं काही पाहिलंच नाही, त्यांना काय सांगायचं! पण केलंय कौतुकानं. धड रागावताही येईना. माझे वडील, दादा, म्हणाले, "ऱ्हाऊ दे. काढाया लावलं तर त्यांला वाईट वाटंल." आमचे दादा म्हणजे असे.

२८ सप्टेंबर
सोसायटीची वार्षिक सभा. मला शाल, नारळ, वर फेटा. बोलायला उभं केलं. म्हटलं, ब्राझील-ऑस्ट्रेलिया आपल्या साखरेच्या अनुदानावर हरकत घेतायत. मागून धुळाजी ओरडला, "त्यांला गप करा अन् भाव तेवढा वाढवून आना, ताई!" टाळ्या. रानात ऊस वाळून चाललाय, भाव कशाला मागतात कोण जाणे. फेटा फार घट्ट बांधला होता.

११ ऑक्टोबर, दिल्ली
मुलाखत झाली. एका बाईंनी विचारलं, "अनुदान बंद झालं तर पहिला फटका कुणाला?" म्हटलं, तोडणाऱ्याला. माझे आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जातात. हे बोलताना आवाज हलला नाही, बरं वाटलं. बाई लिहून घेत होत्या, शेजारचे सर मोबाइल बघत होते. बाहेर एक मुलगा होता, जिनिव्हात शिकून आलेला. भला पोरगा, मला पाणी आणून दिलं.

मला ही नोकरी हवीय. किती हवीय ते लिहायचीही लाज वाटते.

१९ ऑक्टोबर, दिंद्रुड
निकाल नाही. काल दसरा झाला आणि आज दादा मुकादमाला भेटून आले. यंदाही जायचं म्हणे, कर्नाटकात. मी चिडलेच. त्यांची कंबर वाकत नाही, मायचा गुडघा सुजलेला! निकालापर्यंत थांबा म्हटलं. "मुकादम थांबत न्हाई," म्हणाले, आणि कोयत्याला धार लावत बसले. माझ्यावर एवढाही भरवसा नाही?

२३ ऑक्टोबर
गेले. ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर माय, तिच्या मांडीत शेळीचं पिल्लू. फ्लेक्ससमोरूनच ट्रॅक्टर गेला.

दुपारी टँकरच्या रांगेत बायडाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "सायबीन झालीस, अन् आईबापाला ऊस तोडाया धाडलंस? लाज वाटाया पायजे." नोकरी लागलीच नाही, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. सांगितलं असतं तर पहिलं बोट दादांकडं गेलं असतं – इतके दिवस गप का बसला? घरी येऊन हंडा आपटला. पोचा पडला. भारी राग आला दादांचा. चार दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? गावात मान वर करून चालायची सोय ठेवली नाही.

२ नोव्हेंबर
दिल्लीला फोन केला. 'कळवू' म्हणाले.

१४ नोव्हेंबर
निवड झाली नाही. जिनिव्हावाल्याला घेतलं.

दादांना फोन लावला, पण मायच्या गुडघ्याचंच विचारत बसले. तेच म्हणाले, "न्हाई झालं न्हवं? म्हनूनच आलोय हिकडं, बाई. तू दुसरीकडं अर्ज कर, दमानं. हंगाम मार्चपत्तर हाय."