तीन हात आणि एक श्वास

४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आम्ही ठीक आहोत, पण मनीनं डोक्याला ताप दिलाय. आमच्या कापड छपाईच्या कारखान्यानं पडद्याच्या नव्या नक्षीसाठी तरुण मुलांची स्पर्धा ठेवलीय. ज्याची नक्षी निवडतील त्याला थेट नक्षीखात्यात नोकरी! महिनाअखेर कागद द्यायचाय आणि आमच्या बाईसाहेब रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर. शेवटी मी तिचं पोहणं बंद करून तिला टेबलाशी बसवलं. तर नुसती पेन्सिल चावते, काढते आणि फाडते. काल जेवलीही नाही. म्हणाली, बाबा, माझ्यात काही नाहीच. फार लागलं गं मला ते. तू तिची लाडकी आत्या, जरा खडसावून लिही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. भावास,

अनेक आशीर्वाद. खडसावते, पण तुला! अरे शहाण्या, इतकी वर्षं मी पोरांना पोहायला शिकवतेय. पाण्यातून बाहेर आली की यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. गोष्टी काय रचतात, गाणी काय जुळवतात, कान किटतात माझे. आणि तू पोरीला खुर्चीला बांधून म्हणतोस, सुचू दे. बसून बसून डोकं आंबतं रे. तू स्वतः अंगणात उड्या मारल्याशिवाय कविता पाठ करत नव्हतास, ते विसरलास वाटतं. उद्यापासून तिला तलावावर सोड. नाही सुचलं तर खापर माझ्या डोक्यावर फोड.

माया आहे तशीच आहे, पण ऐकलं नाहीस तर बघ.

ताई

२४ मार्च

ती. आत्यास,

सा. न. आत्या, सुचलं! बाबांनी कुरकुरत का होईना, सोडलं. सुरुवातीला डोक्यात नक्षी नव्हतीच, नुसती पोहत सुटले होते. परवा अंग अगदी मोकळं झालं होतं. तीन हात मारायचे, मान वळवून श्वास घ्यायचा, पुन्हा तीन हात. आणि एकदम वाटलं, अगं, माझ्या कागदाला श्वासच नाहीये, सगळा गच्च भरलाय! ओल्या केसांनी घरी पळाले. तीन वळणदार रेघा, मग मोकळी जागा, पुन्हा तीन रेघा. एका बैठकीत झालं.

बाबा म्हणतात, मधे कोरं कापड दिसलं तर लोकांना वाटेल छपाईच चुकली. निदान एखादं फूल टाक. नाही टाकलं. उद्या कागद तसाच देणार.

मला धीर देत जा, प्रेम तर तू करतेसच.

मनी

११ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. जिंकली गं, आपली मनी जिंकली! नक्षीखात्याच्या बाईंनी नेमकं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, इथे डोळ्यांना विसावा मिळतो, हे कसं सुचलं? मनी म्हणाली, पोहताना. सगळे हसले. बाई नाही हसल्या, त्यांनी तलावाच्या वेळा विचारून घेतल्या. मी मात्र कारखानाभर सांगतोय की पोरीला पोहायला मीच पाठवत होतो. तू मधे तोंड घालू नकोस.

आज ते कापड माझ्याच यंत्रावर चढलं. जन्मभर परक्यांच्या नक्षी छापल्या, आज घरची छापली. शेजारच्या यंत्रावरच्या कारागिरानं विचारलं, ही कुणाची? म्हणालो, माझ्या लेकीची. खडखडाटात त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून ओरडून सांगितलं. मग नीट ऐकू गेलं होतं, तरी तिसऱ्यांदा सांगितलं.

आम्हा बापलेकीवर जीव असू दे.

तुझा धाकटा