इंजिनाचं गाऱ्हाणं

३ मे १९६६
आजही धक्क्यावर उभी. दिरांच्या, म्हणजे भाईंच्या, लाँचचं इंजिन विलायती, त्याचं पुस्तक इंग्रजी, आणि घरात इंग्रजी येणारी एकटी मी. एक ओळ वाचायची, मालवणीत सांगायची. लाँचचा तांडेल परशुराम तेवढंच करतो, हात पुसतो — "फुडे, वयनीनू?" सतरा ओळी. चार वर्षं. पाठ आहेत त्याला. "पण तुमी वाचल्याशिवाय इंजिनाक समाजणा नाय." म्हणजे इंजिनाला भाईंपेक्षा बरं इंग्रजी येतं.

६ मे
मुंबईच्या शाळेचं नेमणुकीचं पत्र. एक जूनला हजर व्हा. पावसाळ्याआधीची शेवटची बोट चोवीसला; खोल पाण्यातल्या बोटीवर उतारू पोचवते ती आमचीच लाँच. भाई म्हणाले, "इंजिन तुमच्याशिवाय चालू झाला, की खुशाल जावा." उदार माणूस.

११ मे
भाचा लवू मुंबईत कॉम्प्युटरवर असतो. विचारलं होतं, त्या खोलीभर मशीनला तरी इंग्रजी कळतं का? लिहितो — नाही. 'आहे' आणि 'नाही', एवढंच कळतं. आपलं लिखाण त्या भाषेत न्यायच्या दोन तऱ्हा. एकीत दुभाष्या एक ओळ सांगतो, मशीन ती करतं, मग पुढची. काम रोज, दुभाष्या रोज. (दुभाष्याही माणूस नव्हे, मशीनमध्येच घातलेलं लिखाण.) दुसरीत सगळ्याचं एकदाच भाषांतर करून ठेवायचं. मग दुभाष्या सुटला. मात्र चूक निघाली तर मूळ लिखाण सुधारून भाषांतर पुन्हा पहिल्यापासून.
"आत्या, तू पहिल्या तऱ्हेतली." कार्टं.

१५ मे
सतराच्या सतरा ओळी मालवणीत उतरवल्या. पण परशुरामला वाचता कुठे येतं? त्याचं सगळं पाठांतर देवळातल्या गाऱ्हाण्याचं — एकानं देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी ओळीओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग गाऱ्हाणंच रचलं.
"बा इंजिना म्हाराजा, तेलाचो नळ उघडलो आसा —"
"व्हय म्हाराजा."
"नळीतली हवा भायर काडली आसा —"
खलाशांना एका बैठकीत पाठ.

१७ मे
मी घरात तांदूळ निवडत होते. धक्क्यावरून "व्हय म्हाराजा", आणि मागोमाग धडधड. माझ्याशिवाय. तांदूळ खड्यांसकट शिजवले. ट्रंक खाली काढली.

१९ मे
लाँच उभी. इंजिन ठीक आहे, बिघाड मानात आहे. गाऱ्हाणं म्हटलं की मान आलाच — मालवणात जन्म काढून मला हे सुचू नये? भाई म्हणतात, "लाँच माझी, गाऱ्हाणा मी घालतलंय." परशुराम म्हणतो, "हात माझो, तर मान माझो." 'व्हय' कुणाला म्हणावं ते न कळून खलाशी घरी.

२१ मे
म्हटलं, गाऱ्हाणं राहू दे, नुसत्या ओळी म्हणा. परशुरामनं कानांवर हात ठेवले. "एकदा घातलेला गाऱ्हाणा मागे घेवचा?"
ट्रंक दारात. सगळे तिला वळसा घालून जातात.

२४ मे
सकाळी गावकरी बसले. तोडगा निघाला. भाईंना नाही, परशुरामला नाही — ज्यानं रचलं त्याचा मान. जिवंत असेपर्यंत. हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नाही, पण हा मान एकमतानं दिला.
दुपारी बोटीचे उतारू घेऊन लाँच गेली. मी सुरू करून दिली.