वारूळवाडीचा सूर्य

१७ नोव्हेंबर २००५

जमलं! आमच्या शाळेच्या एका कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्या इंजिनिअर मित्राने सीडी दिली — फुकट, वर म्हणाला हवी तितक्यांना वाटा. त्यात आकाश दाखवणारा प्रोग्रॅम आहे. हजारो वर्षांपूर्वीची तारीख टाका, त्या दिवशीचं आकाश हजर.

संस्थेचे अध्यक्ष गुलाबचंदशेठ नाक मुरडून गेले. "विंडोजची चोरीची सीडी शाळेत नको, हे खरं. पण फुकटचं बरोबर चालंल कशावरून?" दाखवतोच!

२५ नोव्हेंबर

पोथीतल्या कुरुक्षेत्राच्या महायुद्धात एके दिवशी मावळतीला सूर्य अचानक झाकोळला. मी म्हणतो, ते ग्रहण! ते सापडलं की युद्धाचं साल सापडलं. पंडित नुसते भांडत बसलेत. एकानेही असं बघितलं नाही.

२ डिसेंबर

सापडलं! ऐन हिवाळ्यात, बरोबर मावळतीला. साल इथे लिहीत नाही — बायको वाचते.

४ डिसेंबर

शेठ म्हणाले, "पुढच्या रविवारी व्याख्यान द्या. पटलं तर शाळेची सगळी मशीनं लिनक्सवर." पत्रकं छापायला टाकली. पटणारच.

१० डिसेंबर

संध्याकाळी बायको कुशा शाळेत डबा घेऊन आली. "आजचा सूर्व्या दावा की." तारीख टाकली. पडद्यावर सूर्य टेकला, खिडकीबाहेरही टेकला. बाई लई खूश. "आवो, ह्यो तर आपल्या वारूळवाडीचाच!"

ठिकाणाचा रकाना उघडून बघितला. पहिल्या दिवशी हौसेने ठिकाण म्हणून आपलं गाव भरलं होतं. ते तसंच राहिलं. युद्धाच्या दिवसाचं आकाशही मी वारूळवाडीतूनच बघत होतो!

कुरुक्षेत्र भरलं. तिथे ग्रहण लागायच्या आतच सूर्य मावळलेला.

कुशा म्हणाली, "कुनाला कळतंय? बोला तसंच." खरंच कळणार नाही. सांगितलं तर शेठ लिनक्सलाच नावं ठेवणार, मशीनं हातची जाणार. फार लाज वाटतेय.

११ डिसेंबर

आधी वारूळवाडीचं ग्रहण दाखवलं. टाळ्या! मग सगळ्यांसमोर ठिकाण बदललं, आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. मागून कोणी तरी हसलं. शेठ उठले. वाटलं, संपलं.

ते कॉम्प्युटरपाशी आले. "आता ठिकाण पावापुरी घाला. दिवाळीतली, महावीरांच्या निर्वाणाची रात्र. आमी जैन पिढ्यान्पिढ्या जी तारीख धरतो, तिला अमावास्या व्हती का बघू."

"आणि नसली तर?"

"तर तुमच्यासारखंच उभं राहून सांगंन."

माऊस त्यांच्या हातात दिला.