कोथिंबीर कोरडी ठेवणे

१८ ऑगस्ट
देठांची टोकं कापून एक जुडी पाण्याच्या पेल्यात उभी केली, वर पिशवी पालथी घातली. दुसरी पुसून, कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. कोणती जास्त टिकते ते बघायचं. अक्का, माझ्या सासूबाई, दारातून बघत होत्या.
"कोथमीर शे का बाळंतीन?"
अक्कांना खरं कारण सांगितलं नाही.

२० ऑगस्ट
सडलेलं पूर्वी नाक सांगायचं. आता बोटांनी बघते. पान बुळबुळीत लागलं की टाकायचं.
डोळे मिटून पुदिना चुरगळला, नाकाशी धरला. काही नाही. मग शेपू. शेपूसुद्धा नाही.
सर्दी नाही.

२२ ऑगस्ट
धुळ्याहून भावाचा फोन, वडिलांबद्दल. आबांचा चहा आता बशीत राहत नाही, अंगावर सांडतो. मी विचारलं, कंपवात आहे म्हणाले तेव्हा डॉक्टरांनी आधी काय विचारलं होतं?
"हात कधीपासून थरथरतो."
"त्याच्याही आधी."
"हां. वास कधीपासून येत नाही. आबा म्हणाले, लई वर्षं झाली. का गं?"
"सहज."
फोन ठेवून दोन्ही हात समोर धरले. स्थिर. बहुतेक.

२५ ऑगस्ट
कॉलेजातून आले तर फ्रीज सताड उघडा, अक्का नाकाला पदर लावून उभ्या.
"काय मरनं वं आठे? बठ्ठा घरमा वास!"
पेल्यातलं पाणी बदलायचं राहिलं होतं. खाली देठ कुजलेले, वर पानं हिरवीगार. सकाळी त्याच्याच शेजारून मी दूध काढलं होतं.
"नाक शे का नुसतं भोक?" म्हणाल्या, हसून. मी हसले नाही. मोरीत पेला ओतता ओतता त्या थांबल्या.
"तुले वास येत नही. कव्हयपासून?"
"होळीला पुरण करपलं, तेव्हा कळलं."
त्यांनी पेला दोनदा घासला.
अक्कांसमोरच फोन करून डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली आहे. ह्यांना सांगितलेलं नाही, दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळीवर आहेत. डॉक्टरांना आबांचं सांगावं का? सांगितलं तर ते तेच शोधतील. नाही सांगितलं तर

२६ ऑगस्ट
सकाळी अक्का चपला घालून ओट्यावर बसलेल्या. "एकली जाशी का? मी बी येस."
रिक्षाने गेलो. आबांचं अक्कांनीच सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, दारापर्यंत चालून दाखवा. मी चालले. अक्का माझ्या पायांकडे बघत होत्या.