सामाईक भिंतीच्या अलीकडचे घर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी पंपांच्या कारखान्यात लेथवर टर्नर, हल्ली पेन्शनर, राहणार याच घरात, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, हात थोडा कापतो पण सही ओळखू येते, आणि हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय करत आहे. दबाव आणायला घरात निदान दुसरे माणूस लागते. ते नाही.

वकीलबाईंनी मला छापील नमुना दिला होता. "काका, मोकळ्या जागा भरा, दोन पानांत होतं," म्हणाल्या. मी भरून पाहिला. त्यात घर बसले, पण ते कसे झाले आणि त्यात मी एकटाच कसा उरलो, हे बसेना. म्हणून कोऱ्या कागदावर लिहिले आहे. कायद्याला लागेल तेवढे त्यांनी घ्यावे, बाकीचे वाचून सोडून द्यावे.

कलम १. स्थावर मालमत्ता. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे व्हरांडा असलेले हे घर. चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, उत्तरेस पाण्याच्या टाकीची मोकळी जागा, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस सामाईक भिंत. घर वडिलोपार्जित नाही, स्वकष्टार्जित आहे. मात्र त्यातल्या 'स्व'मध्ये चार माणसे धरावीत: मी, माझी बायको, फिटर आणि वहिनी.

फिटर हा माझ्याच कारखान्यात जोडणी खात्यात होता आणि वहिनी म्हणजे त्याची बायको. कारखान्यात त्याला सगळे फिटर म्हणत आणि मला टर्नर. पुढे आमच्या बायकाही तेच म्हणू लागल्या. लग्ने नवी, पगार सारखे, आणि दोघांनाही स्वतःचे घर हवे होते. वेगवेगळे भाडे भरत राहिलो तर ते या जन्मी होणार नाही, हे उघड होते. फिटरनेच विषय काढला. "एका भाड्यात चौघं राहू. साठेल तेवढं साठवू. जमलं तर घर, नाही जमलं तर निदान भांडायला माणसं."

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, त्या घेतल्या. शेगडी एक. वर्तमानपत्र खालच्या दुकानदाराचे, आदल्या दिवसाचे. फिटरचे केस मी कापत असे, माझे तो. कारखान्यातले लोक आमची डोकी बघून विचारत, "काय रे, उंदरांनी कुरतडलं काय?" आमच्या पायांचे माप एक, म्हणून चांगले बूट दोघांत एकच जोड. कोणाच्या लग्नाचे बोलावणे आले की बूट घालून एकच जण जाई आणि जेवणात काय काय होते ते दुसऱ्याला घरी येऊन सांगे. बायका शिवणकामाच्या कारखान्यातून शर्ट आणून घरी बटणे लावत. आमच्या अंथरुणात, डाळीच्या डब्यात, सगळीकडे बटणे निघत. फिटरची मुलगी त्याच खोल्यांत झाली. ती बटणाएवढीच दिसली म्हणून तिला टिकली म्हणू लागलो. आम्हाला मूल झाले नाही. पण ती कोणाच्या कुशीत झोपायची हे तीच ठरवी, त्यामुळे आम्हाला तसे काही जाणवले नाही.

रविवारी आम्ही पाचही जण घरे बघायला जात असू. विकत घ्यायला नव्हे, रस्त्यावर उभे राहून बघायला. नव्या वस्तीत कोणाचे तरी घर निवडायचे आणि फाटकाबाहेरून त्यात राहायचे. वहिनी म्हणत, "खिडकी अशी हवी, पण गज आडवे." माझी बायको म्हणे, "ओटा बाहेरून दिसत नाही, तो बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." एकदा एका घरमालकाने बाहेर येऊन विचारले, "कोण हवंय?" फिटर म्हणाला, "कोणी नको. तुमचं चालू द्या."

अशी आमची सगळी जवानी गेली. ती वाया गेली असे कोणी समजू नये. मीही त्या वेळी समजत होतो की खरे आयुष्य पुढे आहे.

शेवटी जागा मिळाली. कर्ज दोन नावांवर दोन वेगळे, म्हणून घरे दोन, मधली भिंत एक. त्या भिंतीत दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये आम्ही दार ठेवले. ते नकाशात नव्हते. तपासणीला माणूस आला तेव्हा वहिनींनी त्यावर चादर टांगून पुढे टिकलीला अभ्यासाला बसवले होते.

नव्या घरात सवयी मात्र जुन्याच राहिल्या. बायको एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना पहिलीतला दिवा बंद करी, मी आत बसलेला असलो तरी. पुढची खोली फरशी खराब होईल म्हणून बंद असे. पाहुणे आले की उघडायची, असे ठरले होते. पाहुणे येत ते मधल्या दाराने, थेट स्वयंपाकघरात, आणि तिथेच बसत. मी एकदा म्हटले, "अगं, आपण इथेच बसायला एवढं मोठं घर बांधलं का?" ती म्हणाली, "तुम्ही बसा की पुढे. कोण नको म्हणतंय?" मी जाऊन बसलो. थोड्या वेळाने परत आलो. पुढे पोटाच्या दुखण्यात ती गेली. त्यानंतर मधल्या दाराने माझे ताट येऊ लागले.

आता जुने देणे लिहितो, कारण मृत्युपत्रात ते लिहितात असे ऐकले आहे. वहिनींची किडनी गेली. मोठे इस्पितळ टिकली नोकरीला होती त्या शहरात. आठवड्यातून तीनदा जायचे, म्हणजे तिथेच राहायला हवे, आणि पैसा हवा. फिटरने घर विकले. त्याला दुसरा इलाज नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते. पण त्याने मला सांगितले ते बयाणा घेतल्यावर. मी विचारले, "आधी का नाही बोललास?" तो म्हणाला, "आधी बोललो असतो तर मला जमलं नसतं."

विकत घेणाऱ्याची अट होती की मधले दार बंद करून हवे. एका दुपारी गवंडी आला. फिटर त्याच्या बाजूला उभा होता, मी माझ्या बाजूला स्टुलावर. विटा गुडघ्यापर्यंत आल्या, मग छातीपर्यंत. मग त्याचे नुसते डोके दिसू लागले. शेवटचा थर उरला तेव्हा तो म्हणाला, "टर्नर, जेवलास का रे?" गवंडी वीट हातात घेऊन थांबला होता; त्याला वाटले मी काही बोलेन. मग त्याने वीट बसवली.

ते टिकलीकडे राहायला गेल्यावर फिटरचा फोन येई. मी घेई. बोलण्यासारखे दोघांकडेही काही नसे, पण फोन कोणी ठेवत नसे. बऱ्याच वेळाने तो म्हणे, "पैसे चढतायत," आणि मग ठेवी. वहिनी गेल्या. पुढच्या वर्षी तोही गेला.

कलम २. वरील घर माझ्या पश्चात टिकलीला मिळावे. रक्ताने ती माझी कोणी नाही, म्हणून नोंद करताना कारकून नाते विचारेल. त्या रकान्यात 'मुलगी' लिहिता येत नसेल तर रिकामा सोडावा, 'परिचित' मात्र लिहू नये. ती इथे येऊन राहील अशी आशा मी धरलेली नाही. विकले तरी चालेल. मात्र बयाणा घेण्याआधी तिने शेजारच्यांना सांगावे.

कलम ३. बँकेतली शिल्लक. हीसुद्धा टिकलीची, पण तिला अट आहे. परवा फोनवर ती सांगत होती, "काका, बस सोडली, चालत जाते. डबा दोन्ही वेळचा सकाळीच करते. आणखी थोडी वर्षं, की माझा फ्लॅट." आवाजात खुशी होती. मी विचारले, "राहतेस कोणाबरोबर?" म्हणाली, "एकटीच. एकटीचा खर्च कमी."

टिकले, हे कोणी सांगितले तुला? चौघांचा खर्च कमी होता.

म्हणून अट अशी: या रकमेतला एक पैसाही विटा, सिमेंट, फरशी किंवा हप्ता यांत जाऊ नये. ती माणसांना घरी जेवायला बोलावण्यात खर्च व्हावी. भाड्याच्या खोलीत बोलावले तरी चालेल. जागा कमी पडली तर उत्तम.

कलम ४. माझा पुतण्या वर्षातून एकदा येतो आणि घर डोळ्यांनी मोजून जातो. मागच्या खेपेला म्हणाला, "काका, रस्त्याला लागून आहे, दुकान छान चालेल इथे." मी म्हटले, "कसलं?" तर म्हणाला, "ते बघू नंतर." तो दर वेळी पुढच्या खोलीतल्या कपाटावर टकटक करून लाकूड चांगले असल्याचे सांगतो. ते कपाट त्याला द्यावे. बाकी काही नाही.

कलम ५. मायक्रोमीटर, व्हर्नियर, कानशी आणि लेथची हत्यारे कोपऱ्यावरच्या वर्कशॉपवाल्याला. तो मला सकाळी तिथे बसू देतो. माझ्याकडे काही काम नसते. कधी कधी तो तयार झालेला रॉड माझ्या हातात देऊन विचारतो, "मास्तर, बघा जरा." तो स्वतः आधी मापून घेतो, हे मला दिसते. मी तरी पुन्हा मापतो.

कलम ६. मला नेईपर्यंत घरातले सगळे दिवे लावून ठेवावेत. पुढच्या खोलीतलासुद्धा. तिथे चपला घालून आले तरी चालेल.

कलम ७. साक्षीदार. वकीलबाई म्हणाल्या, "दोन साक्षीदार लागतील. पण ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना घ्यायचं नाही." मी घरी येऊन विचार करत बसलो. टिकली नाही, पुतण्या नाही, वर्कशॉपवाला नाही. ज्यांना मी ओळखतो त्या सगळ्यांना काही ना काही देऊन झाले होते. आता ज्याला माझ्याकडून काहीच मिळणार नाही आणि तरी जो येईल, असा माणूस शोधायचा होता.

एक तर दवाखान्यातले डॉक्टर मिळाले. दुसऱ्यासाठी मी भिंतीपलीकडच्या घरी गेलो. तिथे राहणारा शाळेची बस चालवतो. त्याच्याशी इतकी वर्षे माझे बोलणे फाटकावरून मान हलवण्यापुरतेच होते, कारण दार त्याच्या अटीमुळे बंद झाले. त्याने मला आत बसवले. त्याच्या बायकोने चहा ठेवला. मी काम सांगितले, तो म्हणाला, "येतो की, त्यात काय." मग जरा संकोचून म्हणाला, "खरं सांगू काका? आम्हाला वाटायचं, तुमचा गोतावळा मोठा आहे. रोज संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरातून बोलण्याचा आवाज येतो. कधी हसणं, कधी वादावादी. ही नेहमी म्हणते, काका नशीबवान, घरात माणसांचा राबता आहे. म्हणून आम्ही कधी मध्ये आलो नाही."

चहा आला. मी तो बशीत ओतला. मी म्हटले, "रेडिओ असतो."

साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त माझी सही होताना बघायची असते, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. तेव्हा तो हे वाचणार नाही. पण मृत्युपत्रात खोटे राहू नये म्हणून नोंदवतो की माझ्याकडे रेडिओ नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, स्वतःला मोठ्याने वाचून दाखवले आणि ते मला मान्य आहे. याआधी मी दुसरे केलेले नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार

मृत्युपत्र करणार: (सही) टर्नर

साक्षीदार १: (सही) डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना

साक्षीदार २: (सही) शाळेच्या बसचा ड्रायव्हर, राहणार सामाईक भिंतीच्या पलीकडे